गावात दोन तट पडले की बोलणे पुन्हा सुरू कसे करावे?

आपण विचारले आहे की, कोकणातल्या गावांमध्ये राजकीय मतभेद इतके विकोपाला का गेले आणि चर्चा पुन्हा सभ्यपणे व्हावी यासाठी सामान्य माणसाला काही करता येण्यासारखे आहे का. माझे गाव राजापूर तालुक्यात आहे. माझा चुलतभाऊ आणि मी दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि आमच्या घरांमध्ये अंतर आहे ते एका गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे.

अबोला मतांमुळे आला असे मला वाटत नाही; मते आमची लहानपणापासून वेगळीच होती. रिफायनरीचा प्रस्ताव आधी नाणारला होता, तिथले भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झाले आणि पुढे तो बारसूच्या सड्याकडे, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठाराकडे वळला. एप्रिल २०२३ मध्ये तिथे पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले, तोवर आमच्याकडे माणसांची वाटणी होऊन गेली होती. सड्यावरच्या कातळशिल्पांचे काय होणार, असे कोणी विचारले की तो विकासविरोधी ठरत असे, आणि आयटीआय झालेल्या मुलाला इथेच काम मिळेल का, असे विचारणारा जमिनीचा दलाल. दोन्ही प्रश्न रास्त होते; पण विचारणाऱ्यावर एकदा शिक्का बसला की त्याला उत्तर देण्याची गरजच कोणाला वाटत नाही. त्यातच २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि एकाच शाखेत वाढलेली माणसे, समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो कोणत्या गटातून म्हणतो, हे आधी पाहू लागली.

भर घातली ती मोबाइलने. वाडीच्या ग्रुपवर सर्वांत जहाल लिहिणारे बहुतेक मुंबईत असतात. चाकरमान्याचेही नाव सातबाऱ्यावर असते, तेव्हा त्याने बोलू नये असे मी म्हणणार नाही. मात्र रात्री ज्याला गद्दार म्हटले त्याच्या अंगणातून सकाळी पाण्याला जाण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

पूर्वी सारे कसे समजूतदार होते, हेही मला पटत नाही. गावकीच्या बैठकीत एकमत होत असे, कारण वेगळे बोलणाऱ्याला वाळीत पडण्याची धास्ती असे; त्याविरुद्ध राज्याला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आगरकरांची तर ते जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली गेली होती. मात्र १८९५ मध्ये ते गेल्यावर, ज्यांच्याशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले होते त्या आमच्या रत्नागिरीच्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांमधला वाद मिटलेला नव्हता, हे त्यातले मला महत्त्वाचे वाटते.

सण माणसांना जोडतात असे म्हणतात. आमच्या बाबतीत तेही झाले नाही. त्या शिमग्यात भाऊ आणि मी एकाच पालखीला खांदा दिला आणि तोंडातून शब्द न काढता घरी आलो. गाठ सुटली ती वाडीच्या एका बैठकीत. नेहमीची शिवीगाळ सुरू असताना एका म्हाताऱ्या काकींनी विचारले की, प्रकल्प येवो अथवा जावो, माझी विहीर एप्रिलात आटते, त्याचे काय करता ते सांगा. क्षणभर कोणालाच काही सुचेना, कारण या प्रश्नाला बाजूच नव्हती. मग कोणाच्या विहिरीला कधीपर्यंत पाणी असते, याची वहीत नोंद सुरू झाली, आणि कंपनीला पाणी कुठून देणार, हे लेखी विचारावे अशी सूचना प्रकल्पाच्या बाजूच्या माणसाने, म्हणजे माझ्या भावानेच केली. खाली दोन्ही तटांच्या सह्या झाल्या.

म्हणून आपल्याला माझे सांगणे एवढेच की, ‘तू कोणाच्या बाजूचा’ हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये. त्याऐवजी, तुला नेमकी भीती कशाची वाटते, असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. मला हे अजून नीट जमत नाही. भावाच्या तिसऱ्या वाक्याला मी तोंड उघडतोच. तो प्रकल्पाच्या बाजूने आहे, मी विरोधात आहे. परवा तो त्या पत्राची पोच घेऊन गडग्यापाशी आला होता. उत्तर मात्र अद्याप आलेले नाही.