गाईच्या दुधाचा फॉर्म्युला दिला तर बाळाला पुढे टाइप १ डायबेटीस होतो का?

नाही, फॉर्म्युल्यामुळेच डायबेटीस होतो असं सिद्ध झालेलं नाहीये, त्यामुळे नाइलाजाने डबा उघडावा लागला असेल तर स्वतःला दोष देत बसू नका. ही शंका जुनी आहे, गाईच्या दुधातल्या प्रोटीनमुळे बाळाची इम्युनिटी बिघडून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते अशी थिअरी होती. ती तपासायला ट्रिगर नावाची मोठी ट्रायल झाली, १५ देशांतली २१५९ बाळं, अर्ध्यांना साधा फॉर्म्युला आणि अर्ध्यांना प्रोटीन आधीच बारीक तोडलेला महागडा फॉर्म्युला, आणि मग साधारण साडेअकरा वर्षं लक्ष ठेवलं. २०१८ ला रिझल्ट आला: तोडलेल्या प्रोटीनवाल्यांत ८.४ टक्के आणि साध्यावाल्यांत ७.६ टक्के मुलांना डायबेटीस, म्हणजे फायदा शून्य. (आकडे बघून घाबरू नका, या सगळ्या बाळांच्या जवळच्या नात्यात टाइप १ होता आणि जीन्सही रिस्कवाले होते, सर्वसाधारण मुलांत प्रमाण खूपच कमी असतं.) फक्त एक लक्षात घ्या, यात फॉर्म्युल्याची तुलना फॉर्म्युल्याशी होती, आईच्या दुधाशी नाही. स्तनपान घेतलेल्या मुलांत रिस्क थोडी कमी दिसते असं बऱ्याच निरीक्षणांत आलंय, पण ते दुधामुळेच का, हे त्यातून ठरत नाही.