हॉपवाली बिअर मुरत नाही, शिळी होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच महिन्यांपूर्वी कॅनमध्ये भरलेली आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉपची बिअर) निम्म्या किमतीत मिळतेय, ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटायला अजून सात महिने आहेत, आणि आयपीए तर मुळात जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करण्यासाठीच बनली होती. मग ताजेपणाचा एवढा बाऊ कशाला?

घेऊ नका. आणि जहाजाचं कारण तर कुणालाच सांगू नका. हा युक्तिवाद मी इतक्यांदा खोडलाय, तरी तो फिरून समोर येतोच, म्हणून आधी त्याचाच निकाल लावतो.

लंडनच्या बो ब्रुअरीतली हॉजसनची बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानात यायची, हे खरं. प्रवासाला चार-सहा महिने लागायचे, हेही खरं. पण त्या बिअरमध्ये हॉप, म्हणजे कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, भरपूर घालायचे ते टिकण्यासाठी. उकळताना हॉपमधल्या अल्फा आम्लांपासून आयसो-अल्फा आम्लं बनतात, ती कडूपणा देतात आणि बिअर आंबवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंना वाढू देत नाहीत. पिंपात ती आधीच बराच काळ मुरवलेली असायची, वाटेत आणखी मुरायची. शेवटी हातात पडायची ती नितळ, कोरडी, कडू बिअर. तिला आंब्या-संत्र्यांचा वास यावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, आणि तसा वास देणारे हॉपही नव्हते. कॅस्केड ही हॉपची जात १९७२ साली आली. सिट्रा आणि मोझॅक तर एकविसाव्या शतकातल्या. आज आपण आयपीएला पैसे मोजतो ते आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये हॉप भिजवून काढलेल्या सुवासाचे. नाव तेच राहिलं, माल बदलला. त्या जहाजात बिअर खराब झाली नाही, यावरून आजच्या कॅनमधला वास टिकेल असं सिद्ध होत नाही. ‘खराब न होणं’ आणि ‘ताजं राहणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ त्यांची गल्लत केल्यामुळे होतो.

जातं काय, ते बघा. हॉपच्या तेलात मायर्सीन हा सुवासिक घटक मोठ्या प्रमाणात असतो, आणि सगळ्यांत आधी तेच निघून जातं. बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून जे प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते मायर्सीन अक्षरशः पिऊन टाकतं. काही आठवडे त्याला पुरतात. लिनालूल हा दुसरा घटक जरा चिवट असतो, म्हणून जुन्या आयपीएतही फुलांसारखा मंद वास उरतो आणि ‘अजून चांगली आहे की’ असं वाटतं. पेरू-पॅशनफ्रूटसारखा वास देणारे थायॉल, म्हणजे गंधकयुक्त संयुगं, ऑक्सिजनपुढे टिकत नाहीत. कडूपणाही उतरतो, पण सारखा उतरत नाही. आयसो-अल्फा आम्लांचा ट्रान्स प्रकार सिस प्रकारापेक्षा लवकर मोडतो, आणि उरतो तो जिभेवर रेंगाळणारा बोथट कडवटपणा. वरचा सुवास गेला की खालचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) उघडा पडतो: आधी मध, मग टॉफी, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास, ज्याला ट्रान्स-२-नोनेनाल जबाबदार असतं. ते अब्जात ०.१ भाग असलं तरी नाकाला कळतं.

यातलं बरंचसं ऑक्सिजनमुळे होतं, आणि तो अगदी थोडा पुरतो. चांगली ब्रुअरी कॅन भरताना एकूण ऑक्सिजन ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भागांच्या) खाली ठेवायला धडपडते. ३३० मिलीच्या कॅनमध्ये हे सोळा-सतरा मायक्रोग्रॅम होतात. एवढ्यानेही हेझी, म्हणजे मुद्दाम गढूळ ठेवलेल्या, आयपीएचं नुकसान होतं, कारण तिच्यात हॉप जास्त, पॉलिफेनॉल (तुरट पदार्थ) जास्त, आणि ओट्स-गव्हाबरोबर व हॉपबरोबर येणारं मँगनीज ऑक्सिडेशनला गती देतं. म्हणूनच हेझीची अवस्था वास घेण्याआधी डोळ्यांनाच कळते. ताजी असताना ती फिक्या पिवळ्या रसासारखी दिसते. बिघडली की आधी काळवंडलेली नारिंगी होते, मग राखाडी-तपकिरी, चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखी. ग्लासात हा रंग दिसला तर वास घ्यायचीही गरज नाही.

तापमानाला तर तोडच नाही. या व्यवसायात एक ढोबळ हिशेब चालतो: ३२ अंश सेल्सियसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच शिळी होते. हा सर्वसाधारण बिअरचा हिशेब आहे. हॉपचा सुवास याच्या कितीतरी आधी मावळतो, त्यामुळे ‘३०० दिवस चालेल’ असा अर्थ काढू नका. घ्यायचं ते गुणोत्तर: उन्हात तापलेल्या ट्रकमधले तीन दिवस फ्रिजमधल्या कित्येक महिन्यांची वाट लावतात. ‘थंड बिअर गरम झाली आणि पुन्हा थंड केली की बिघडते’ असं जे म्हणतात, ते मात्र तसं नाही. गार-गरम होण्याने वेगळं काही होत नाही, गरमीत घालवलेले तास तेवढे हिशेबात जमा होतात. जळक्या रबरासारखा जो उग्र वास येतो तो उजेडामुळे. प्रकाश, बिअरमधलं रायबोफ्लेविन आणि हॉपची कडू आम्लं मिळून त्या वासाचा वेगळाच थायॉल बनतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीला कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बरंच थोपवते, कॅन पूर्ण.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. एकाच आयपीएचे, एकाच तारखेचे, शक्य तितके ताजे दोन कॅन घ्या. एक फ्रिजच्या तळाशी उभा ठेवा, दुसरा कपाटात. तीन आठवड्यांनी कपाटातला कॅन आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ओतताना दोन्हींचं तापमान एक असेल. हे विसरलात तर तुलना फुकट. दोन सारखे ग्लास साबणाचा अंशही न ठेवता धुवा, प्रत्येकात १५० मिली ओता आणि आठ-दहा अंशांपर्यंत येऊ द्या, कारण बर्फासारख्या गार बिअरला वासच नसतो. कुठला ग्लास कोणता, हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. आधी पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा, मग ग्लास तळव्याने झाकून एकदा फिरवा आणि वास घ्या. चव सगळ्यांत शेवटी. कपाटातली बिअर वाईट लागेलच असं नाही. ती मुकी लागेल: गोडसर, जाड, कुठल्याही हॉपची असू शकेल अशी.

आता कधी घ्यायची. ‘बेस्ट बिफोर’कडे बघू नका, ती तारीख माल किती दिवस दुकानात राहू शकतो हे सांगते, सुवास किती दिवस राहतो हे नाही. भरल्याची तारीख शोधा, बहुधा कॅनच्या बुडाशी असते. कधी ती वर्ष आणि दिवस-क्रमांकात लिहितात: २५१३५ म्हणजे २०२५ सालचा १३५वा दिवस, १५ मे. ज्या कॅनवर भरल्याची तारीखच नाही, तो मी उचलत नाही. हेझी असेल तर भरल्यापासून चार ते सहा आठवडे, तेही सतत थंड राहिली असेल तरच. वेस्ट कोस्ट, म्हणजे नितळ आणि कडू, आयपीए आणि पेल एल दोन ते तीन महिने. डबल आयपीएत अल्कोहोल जास्त म्हणून ती जास्त टिकेल, ही समजूत चुकीची. अल्कोहोल सुवास राखत नाही. ओल्या, न वाळवलेल्या हॉपची बिअर सुगीनंतर लगेच येते, उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि ती काही आठवड्यांतच संपवायची असते. नळावरून ग्रोलर (घरी न्यायची मोठी बाटली) भरून घेतलात तर न उघडताही दोन-तीन दिवस, उघडल्यावर त्याच दिवशी.

दोन आठवड्यांत पिऊ तेवढीच घ्या, साठा करू नका. बनवणारेही हेच सांगतात. कॅलिफोर्नियातल्या स्टोन ब्रुअरीने २०१२ साली ‘एन्जॉय बाय’ नावाची आयपीए काढली, तिच्या नावातच संपवण्याची तारीख असते, भरल्यापासून जेमतेम पाच आठवड्यांची. रशियन रिव्हर ब्रुअरी ‘प्लायनी द एल्डर’च्या लेबलवरच बजावते की ही साठवायची बिअर नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. भरल्यापासून दोन-तीन दिवसांची हेझी अतिताजी असते. हॉपचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल अजून खाली बसलेले नसतात, घशाला ओरखडल्यासारखं होतं. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस उभी ठेवली की हा त्रास निवळतो. बार्ली वाइन, इम्पीरियल स्टाउट, लॅम्बिक या मुरणाऱ्या बिअर आहेत, त्यांना हे काहीच लागू नाही. आणि वरचे आठवडे म्हणजे पंचांग नव्हे: भरताना ऑक्सिजन सांभाळणाऱ्या ब्रुअरीची तीन महिन्यांची बिअर निष्काळजी ब्रुअरीच्या तीन आठवड्यांच्या बिअरपेक्षा सरस निघते. शिळी आयपीए प्यायल्याने अपायही होत नाही, फक्त ज्यासाठी घेतली ते मिळत नाही.

तुमच्या त्या निम्म्या किमतीच्या मालाबद्दल: दुकानात विचारा की तो आल्यापासून फ्रिजमध्ये होता की फळीवर. फळीवर असेल तर विषय संपला. फ्रिजमध्ये असेल आणि वेस्ट कोस्ट असेल तर एकच कॅन घ्या, त्याच दिवशी उघडा, आणि पहिल्या वासात मध आला तर बाकीचे तिथेच राहू द्या.