काठीवर तीन पानं, आजारावर चार ओळी

"वय ५४. नवरा नोव्हेंबर २००३ मध्ये गेला. एचआयव्ही मला त्याच्याकडूनच आला. २००७ पासून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून गोळ्या घेते. पहिल्या गोळ्यांनी पायांची आग सुरू झाली ती थांबलीच नाही, पुढे उजवा खुबा निकामी झाला. काठी लागते. पलीकडच्या वाड्यावरचे एक विधुर गृहस्थ लग्नाचं विचारतात. त्यांना काठी दिसते, आजार ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, आता हे कशाला? मला हक्क आहे का?"

ताई,

तुमचं पत्र सात पानी होतं, वर त्याचं सार दिलंय. वाचता वाचता मी एक मोजणी केली. आजारावर जेमतेम चार ओळी, आणि काठीवर तीन पानं. देवळाच्या पायऱ्या, कदंब बसची उंच पायरी, न्हाणीघरात धरायला काही नाही, आणि मग "उद्या मला उठवून बसवायचं ते त्यांनी?" प्रश्न आजाराचा विचारलात, पण भीती दुसरीकडेच बसली आहे.

आधी आजाराचं उरकते. तुमच्या तपासणीत गेली सहा वर्षं व्हायरस सापडत नाही, असं लिहिलंयत. गोळी रोज चालू राहिली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, असाच राहिला, तर शरीरसंबंधातून त्यांना तुमच्याकडून लागण होत नाही. 'क्वचित होते' असंही नाही, होतच नाही. युरोपात एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशा शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, निकाल २०१६ आणि २०१९ मध्ये आले. कंडोम न वापरता आलेल्या हजारो संबंधांत, औषधावर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नव्हती. पुढच्या तारखेला एआरटी सेंटरच्या, म्हणजे तुम्हाला गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरांनाच विचारा, आणि आजाराचं सांगून झालं असेल तर त्या गृहस्थांनाही बरोबर न्या, म्हणजे लागण होत नाही हे त्यांनी तुमच्या तोंडून नव्हे तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं असं होईल. त्याच खेपेला खुब्याचंही विचारा. एचआयव्ही असला की खुबा बदलत नाहीत, हे तुमच्या डोक्यात कोणी भरलं? बदलतात.

म्हापशाच्या त्या मुलाची आठवण तुम्ही काढलीत. मलाही आहे. डॉमिनिक डिसोझा. १९८९ साली रक्तदानानंतर त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं आणि गोव्याच्या तेव्हाच्या कायद्याखाली त्याला ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याची आई कोर्टात गेली. तुम्ही तेव्हा कोवळ्या वयाच्या होतात, आणि ती दहशत तुम्ही आजवर पदराला बांधून आहात. पण एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आज तुमच्या बाजूने आहे. विश्वासाने कळलेली तुमची गोष्ट तुमच्या संमतीवाचून बाहेर फोडायला त्यात मनाई आहे. 'तुला जमत नसेल तर मी सांगतो' म्हणणाऱ्या मुलाच्या कानावर हेही घाला. जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून खबरदारी घेण्याची जबाबदारी तोच कायदा तुमच्यावर टाकतो. म्हणून सांगा. लग्नाच्या आधी, आणि तुम्हीच.

मुलाच्या 'कशाला'मध्ये घर दडलेलं असेल तर मला नवल वाटणार नाही. ते लोभाचंच असतं असं नाही. आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नाही, तर सर्वसाधारणपणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि लग्नानंतर तो करार करता येत नाही. रजिस्ट्रारकडे पहिली सही करण्याआधी वकिलाला भेटा, मुलाला बरोबर घ्या. निम्मा विरोध तिथेच वितळेल. उरलेला निम्मा बापाच्या जागेचा आहे, त्याला वेळ द्या.

आणि त्याचा बाप. "पाच महिने आणखी जगला असता तर फुकट औषधं सुरू झाली होती" हे वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय. एप्रिल २००४ ला सुरू झाली खरी, पण मोजक्याच सरकारी इस्पितळांत. तुमच्या हाती गोळी पडायला २००७ उजाडलं. ते पाच महिने कुणाच्या खात्यावर मांडू नका, स्वतःच्या तर नकोच. पाचव्या पानावर एक ओळ खोडलीय. उजेडात धरून वाचली मी, क्षमा करा. "त्याने मला हे देऊन तो सुटला." खोडायची गरज नव्हती. वीस वर्षं त्याच्या फोटोला हार घालणाऱ्या बाईला त्याचा रागही येऊ शकतो, आणि ज्याचा राग येतो त्याच्यासाठी रडूही येतं.

काठीबद्दल मी काय बोलणार? सहाव्या पानावर तुम्हीच लिहिलंय की जत्रेहून परतताना ते तुमच्या चालीने चालतात, आणि तुम्ही दमलात की चपलेतला खडा काढायला थांबतात. एवढे खडे कोणाच्या चपलेत जातात, ताई? काठीचा हिशोब त्या माणसाने केव्हाच करून ठेवलाय. आजाराचा करायची संधी त्यांना अजून मिळालेली नाही.

सांगायला त्यांना तुमच्या घरी बोलवा, सोप्यावर, दुपारी. देवळात नको, त्यांच्याकडे तर नकोच. ते गप्प झाले आणि कोणाला उठून जावंसं वाटलं, तर ते त्यांनी जावं. तुम्हाला काठी शोधत बाहेर पडायची वेळ यायला नको.