फिलिपिन्सचे खेळाडू पूलमध्ये इतके भारी का असतात?

फिलिपिनो खेळाडूंना ‘अजिंक्य’ म्हणत प्रश्नाखाली तुम्ही विचारलं आहे, की तिथे सरकार ट्रेनिंग देतं का, की त्यांच्या हातातच काहीतरी असतं. माझं उत्तर तिसरंच आहे. टीव्हीवर ते जो नाइन-बॉल (नऊ बॉलांचा पूल) खेळताना दिसतात, तो खेळ ते लहानपणी शिकलेलेच नसतात. ते शिकतात रोटेशन हा पंधरा बॉलांचा पूल, आणि तोही बहुतेक वेळा पैसे लावून.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो. आमच्या जहाजांवर अधिकारी आपले आणि खलाशी फिलिपिनो, असा मिश्र कारभार बरीच वर्षं चालला. जहाज हलतं त्यामुळे पूलचं टेबल बोटीवर निरुपयोगी, पण मेसमध्ये जेवताना लॅपटॉपवर त्यांचा सर्वांत लाडका पूल खेळाडू एफ्रेन रेयेस याच्या जुन्या मॅचेस लागलेल्या असायच्या. एकच मॅच पन्नास वेळा पाहिलेली, तरी त्याच जागी त्याच आरोळ्या. मी कॉलेजात असताना नाक्यावरच्या पार्लरमध्ये स्नूकर आणि पूल बऱ्यापैकी खेळलेलो होतो, त्यामुळे मला वाटायचं की आपल्यालाही यातलं कळतं.

तो गैरसमज फिलिपिन्समधल्या सुबिक बंदरात गेला. जहाज तीन आठवडे दुरुस्तीसाठी ड्रायडॉकमध्ये होतं. संध्याकाळी काम संपलं की आमचा ऑयलर (इंजिनरूममधला फिलिपिनो खलाशी) मला शेजारच्या ओलोंगापो गावात घेऊन जायचा. तिथे ‘बिल्यारान’ म्हणजे पूलचा अड्डा: वर पत्रा, बाजू उघड्या, दोन टेबलं, एक पंखा, कडेला कोंबड्या. कापडाला शिवण मारलेली. चपला घातलेला साठीचा एक माणूस माझ्याशी खेळायला तयार झाला. ऑयलर म्हणाला, “सर, तो तुम्हाला पार्तिदा देतोय.” पार्तिदा म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत. मला तीस गुण पुरे होते, त्याला पूर्ण एकसष्ट करायचे होते. शंभर-शंभर पेसोंच्या तीन गेम झाल्या आणि तीनही मी हरलो. वाईट वाटलं ते हरल्याचं नाही. त्या माणसाने मला तासाभरात धड समोर दिसणारा बॉल जेमतेम पाच-सहा वेळा मिळू दिला असेल, त्याचं वाटलं.

आता रोटेशन काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. टेबलावर १ ते १५ नंबरचे सगळे बॉल असतात. दर वेळी सर्वांत लहान नंबरच्या बॉललाच पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. जो बॉल पॉकेटमध्ये जाईल त्याच्या नंबराइतके गुण. एक ते पंधराची बेरीज १२०, म्हणून ६१ झाले की गेम संपली. नाइन-बॉलमध्येही लहान नंबर आधी हाच नियम आहे, पण तिथे बॉल नऊच. टेबल मोकळं असतं. रोटेशनमध्ये पंधरा बॉलांची गर्दी, त्यामुळे ज्याला मारायचं तोच निम्म्या वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी आड दडलेला. मग पांढरा बॉल कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर), कधी दोन-तीन कुशनवर आपटून त्याच्यापर्यंत न्यावा लागतो. कॅरममध्ये सोंगटी अडलेली असली की आपण रिबाउंड काढतो तसंच, फक्त टेबल नऊ फुटांचं आणि पुढचा बॉल कुठे उभा राहील हेही त्याच फटक्यात ठरवायचं. अमेरिकन किंवा युरोपियन खेळाडू असा फटका नाइलाज म्हणून शिकतो. फिलिपिनो पोराचा तो रोजचा वरणभात.

हे एकदा ध्यानात आलं की रेयेसचा तो प्रसिद्ध फटका वेगळा दिसायला लागतो. १९९५, रीनो, सँड्स रिजन्सी ओपनची फायनल, समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, स्कोअर १२-१२, शेवटची रॅक, म्हणजे शेवटचा डाव. स्ट्रिकलंडने सेफ्टी (समोरच्याची अडचण करणारा बचावाचा फटका) खेळून पाच नंबर पूर्ण झाकला. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनवरून झेडच्या आकारात फिरवला, पाच नंबर पॉकेटमध्ये घातला, आणि वर सहा नंबरसाठी जागाही घेतली. कॉमेंटेटर आणि प्रेक्षक वेडे झाले. आमचा ऑयलर मात्र व्हिडिओ थांबवून मला म्हणाला, “हा फटका आमच्या गावातही मारतात. फक्त तिथे कॅमेरा नसतो.” फुशारकी थोडी होतीच. पण ओलोंगापोच्या त्या चपलावाल्यानंतर मी वाद घातला नाही.

रेयेसचा जन्म १९५४ चा, पाम्पांगा प्रांतातला. पाच वर्षांचा असताना मनिलाला काकाकडे राहायला गेला. काकांचा पूलचा अड्डा होता, पोरगा तिथेच काम करायचा आणि रात्री टेबलावर झोपायचा. उंची पुरत नसे म्हणून कोकाकोलाच्या क्रेटवर उभं राहून खेळायचा. ‘बाता’ हे त्याचं टोपणनाव, अर्थ ‘पोरगा’, कारण अड्ड्यात आणखी एक मोठा एफ्रेन होता. आज सत्तरी ओलांडली तरी देशभर तो बाताच. १९८५ मध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा सेझार मोरालेस या खोट्या नावाने खेळला. त्याचं खरं नाव तिथल्या जुगारी खेळाडूंच्या कानावर आधीच गेलेलं होतं, आणि ते कळलं असतं तर पैसे लावून त्याच्याशी कुणी खेळलंच नसतं. ह्यूस्टनची रेड्स नाइन-बॉल ओपन त्याने त्याच उसन्या नावावर जिंकली. १९९४ मध्ये नाइन-बॉलची यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन ठरला, १९९९ मध्ये कार्डिफला जागतिक विजेता झाला, २००४ मध्ये एट-बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकाराचंही जागतिक विजेतेपद घेतलं.

मला स्वतःला मात्र त्याची १९९६ ची हाँगकाँगची मॅच सगळ्यांत जास्त सांगण्यासारखी वाटते. पुन्हा स्ट्रिकलंड, तीन दिवस, आधी १२० रॅक जिंकेल तो एक लाख डॉलर घेऊन जाईल, दुसऱ्याला भोपळा. रेयेस एका टप्प्यावर सतरा रॅकनी मागे पडला होता. शेवटी जिंकला १२०-११७. असलं लांबलचक, एकास एक, सगळा पैसा एकाला, हे कुठल्या फेडरेशनच्या स्पर्धेत होत नाही. अड्ड्यावर होतं. रात्रभर खेळायचं, मागे पडलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, कारण पैसे आपले नसतात. गावोगाव असे खेळाडू असतात आणि त्यांच्यावर पैसा लावणारे शेठ असतात. जिंकलं तर वाटणी, हरलं तर शेठचं तोंड बघायचं. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांचे इनाम ठरवून पैलवान फिरतात, त्यातलाच प्रकार.

आणि पार्तिदा! मला वाटतं, बाहेरच्या लोकांच्या हे लक्षातच येत नाही. आपल्यापेक्षा कच्च्या माणसाशी खेळायचं तर सवलत द्यावीच लागते, नाहीतर कोण पैसे लावेल? म्हणजे चांगल्या खेळाडूला सोपी मॅच आयुष्यात कधी मिळतच नाही. दुबळ्याशी खेळतानाही तो दोरीवरच चालत असतो.

हे सगळं तिथेच का रुजलं, याचं कारण इतिहासात आहे. १८९८ ते १९४६ अमेरिकेची सत्ता होती. नंतरही अँजेलिसजवळचा क्लार्क हा हवाई तळ आणि सुबिकचा नौदल तळ राहिला. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, आणि १९९२ संपायच्या आत अमेरिकन लष्कर दोन्हीकडून निघून गेलं. पण खेळ राहिला. बिलियर्ड्स त्याआधी स्पॅनिशांबरोबरही आलेलं होतंच. क्यूला (खेळायच्या काठीला) ते ‘ताको’ म्हणतात, ब्रेकला (गेम उघडणाऱ्या पहिल्या फटक्याला) ‘सार्गो’, कुशनला ‘बांदा’. शब्दांवरूनच वय कळतं.

आपल्याकडे इंग्रज बिलियर्ड्स घेऊन आले. स्नूकर तर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्येच जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. पुढे मुंबईच्या मायकेल फरेरांनी तेच विजेतेपद तीनदा मिळवलं. म्हणजे हात आपल्याकडेही होते. पण टेबल होतं जिमखान्यात, आणि जिमखान्याच्या दाराशी मेंबरशिप विचारणारा माणूस उभा होता. तिकडे तेच टेबल किराणा दुकानाच्या शेजारी पत्र्याखाली आलं आणि ताको रिक्षावाल्याच्या हातात गेला. क्यू धरायची पद्धतही त्यांची वेगळीच. ढिलं मनगट, लांब झोका, टोक कापडाच्या अगदी जवळ. माझा अंदाज असा, की दमट हवेतल्या जाड, संथ कापडावर बॉल पळवायचा तर असाच झोका लागतो. त्या टेबलांवर खेळल्यावर मला तरी तसंच वाटलं.

नावं सांगायची तर रेयेसच्याही आधी होसे पारिका अमेरिकेत गेला होता. फ्रान्सिस्को बुस्तामांतेची गोष्ट ऐकताना अजून कसंतरी होतं. २००२ ची जागतिक स्पर्धा कार्डिफला चालू असताना त्याची तान्ही मुलगी गेली. तो खेळत राहिला, फायनलला पोचला आणि १५-१७ ने हरला, पुन्हा त्या स्ट्रिकलंडकडूनच. विजेतेपद त्याला २०१० मध्ये दोह्याला मिळालं. मधे २००४ मध्ये अलेक्स पागुलायान (जन्म तिथला, पण लहानपणीच कॅनडात गेलेला) आणि २००६ मध्ये मनिलातच रॉनी अल्कानो जिंकले. २०१७ ची फायनल तर दोघा फिलिपिनोंमध्येच झाली आणि कार्लो बियादो जिंकला. हा बियादो आधी गोल्फच्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, होता. २०२१ च्या यूएस ओपनच्या फायनलमध्ये तो ३-८ ने मागे होता, मग सलग दहा रॅक घेतल्या. बायकाही कमी नाहीत. रुबिलेन आमित २००९ आणि २०१३ मध्ये टेन-बॉलची (हाही पूलचाच प्रकार) जागतिक विजेती झाली आणि २०२४ मध्ये न्यूझीलंडला नाइन-बॉलचीही. सांबोआंगाच्या चेस्का सेंतेनोने २०२३ मध्ये टेन-बॉल जिंकलं.

पण तुमच्या प्रश्नात ‘अजिंक्य’ असा शब्द आहे, तो मला पटत नाही. आजचा नाइन-बॉल ब्रेकवर चालतो. युरोपातली आणि तैवानची पोरं कोच, व्हिडिओ आणि ठरावीक सराव यांच्या जोरावर ब्रेक घोटून येतात. ब्रेक नीट बसला आणि टेबल उलगडलं की दडलेला बॉल काढण्याची विद्या दाखवायला वेळच येत नाही. प्रतिस्पर्धी खुर्चीतून उठतच नाही. शिवाय वर्षभर युरोप-अमेरिकेत फिरायला व्हिसा आणि पैसा लागतो, आणि तो अड्ड्यावरच्या शेठच्या ऐपतीबाहेर असतो. २०२४ मध्ये आशिया विरुद्ध युरोप असा रेयेस कप मनिलात सुरू झाला. बाताच्या नावाचा कप, बाताचं गाव, आणि जिंकलं युरोप.

म्हणूनच जुलै २०२५ मध्ये जेद्दाहला जागतिक नाइन-बॉल स्पर्धेत बियादोची फायनल फ्योदोर गोर्स्टशी होती, तेव्हा मी ऑयलरला लिहिलं की या वेळी तुमचं काही खरं नाही. आता तो बातांगासला घरी असतो, पण पैज लावायचं सोडलेलं नाही. बियादो १५-१३ ने जिंकला. पाचच मिनिटांत मेसेज आला: “सर, बालातो?” तिकडे जुगारात जिंकणारा आजूबाजूच्यांना आनंदाने थोडे पैसे वाटतो, त्याला बालातो म्हणतात. मी कळवलं की जिंकलास तू, म्हणजे बालातो तूच मला द्यायला हवास. त्यावर त्याने ओलोंगापोच्या त्या चपलावाल्याचे तीनशे पेसोही अजून माझ्याकडेच आहेत, अशी आठवण करून दिली. ते तेव्हा त्यानेच भरले होते म्हणे, मला आठवत नाही.