टीव्ही मॉनिटर म्हणून वापरताना चित्र आडवं ताणलं जातं, ते सरळ कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की टीव्ही एचडीएमआय केबलने संगणकाला जोडला आहे, गोल चिन्हं अंड्यासारखी आडवी दिसतात, फोटोतली माणसं जाड होतात आणि खालचा टास्कबार अर्धा पडद्याबाहेर जातो. रिमोटवरचे सगळे पर्याय फिरवून झाले, तरी फरक नाही. यात दोन वेगळे दोष आहेत: चित्र ताणलं जाणं हा एक आणि कडा कापल्या जाणं हा दुसरा. दोन्हींना एकदम हात घातला की कशामुळे काय बदललं तेच कळेनासं होतं. आधी ताण घालवा, कडांचं नंतर बघू.

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी एक वर्तुळ मोजा. पेंट किंवा चित्र काढायचा कुठलाही प्रोग्रॅम उघडा, लंबगोलाचं साधन निवडा, शिफ्ट दाबून धरा आणि जमेल तेवढं मोठं वर्तुळ काढा. शिफ्टमुळे ते संगणकाच्या हिशेबाने अगदी गोल असतं. आता पडद्यासमोर पट्टी धरून (पॅनेलवर दाबू नका) त्याची रुंदी आणि उंची मोजा आणि रुंदीला उंचीने भागा.

भागाकार १.३३ च्या आसपास आला, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीचं वर्तुळ २० सेंटिमीटर रुंद भरलं, तर संगणक ४:३ प्रमाणाचं (रुंदी ४ तर उंची ३) चित्र पाठवतोय. ८००×६०० किंवा १०२४×७६८ (आडवे × उभे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) हे त्यातले नेहमीचे. टीव्हीचा पडदा १६:९ चा, त्यामुळे ते चित्र ओढून कडेपर्यंत बसवलं जातं. १.४२ आलं तर सिग्नल बहुधा १२८०×१०२४, म्हणजे जुन्या चौकोनी मॉनिटरांचा ५:४. १.११ आलं तर १६:१०. लॅपटॉपचा पडदा त्या प्रमाणाचा असेल आणि तेच चित्र टीव्हीवरही दाखवत असाल, तर हे हमखास होतं. यांपैकी कुठलाच आकडा जुळत नसेल तर टीव्ही स्वतःच्या झूम मोडमध्ये असण्याची शक्यता जास्त. आणि भागाकार १ आला, पण एखाद्या व्हिडिओतली माणसं तेवढी जाड दिसत असतील, तर दोष त्या व्हिडिओत किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये आहे, टीव्हीला हात लावायची गरज नाही.

इतका खटाटोप एवढ्यासाठी की चित्र तीन ठिकाणी ताणलं जाऊ शकतं: विंडोजमध्ये निवडलेलं रिझोल्यूशन (चित्र किती पिक्सेलांचं ते), ग्राफिक्स कार्डचं स्केलिंग (चित्र पडद्याच्या मापाला लहानमोठं करणं) आणि टीव्हीचं पिक्चर साइज. क्रमही हाच ठेवा. टीव्हीच्या मेनूतले उपयोगाचे पर्याय बऱ्याचदा योग्य एचडी सिग्नल आल्याशिवाय यादीत दिसतच नाहीत किंवा फिकट असतात. रिमोटने काही साधलं नाही ते कदाचित त्यामुळेच.

विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जा. दोन पडदे दिसत असतील तर आधी टीव्हीचा चौकोन निवडा. नाहीतर लॅपटॉपचंच रिझोल्यूशन बदलत बसाल. खाली रिझोल्यूशनच्या यादीत १९२०×१०८० निवडा. ४के टीव्ही असेल तर ३८४०×२१६०. त्याच यादीत कधीकधी ४०९६×२१६० ही दिसतं आणि मोठा आकडा म्हणून तेच घ्यावंसं वाटतं, पण ते सिनेमाचं प्रमाण आहे, १६:९ पेक्षा रुंद. घरच्या टीव्हीवर ते दाबलं तरी जातं किंवा कापलं तरी जातं. निवड चुकून पडदा काळा झाला तर काही दाबू नका, पंधरा सेकंदांत विंडोज आपोआप आधीच्या सेटिंगवर येतं. लॅपटॉप असेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून डुप्लिकेटऐवजी एक्स्टेंड किंवा फक्त दुसरा पडदा निवडा. दोन वेगळ्या प्रमाणांच्या पडद्यांवर एकच चित्र दाखवायचं म्हटलं की एकावर ते ताणलं तरी जाणार किंवा काळ्या पट्ट्या तरी येणार.

यानंतर तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि गुंता बहुतेक वेळा इथेच उलगडतो. तिथे दोन ओळी दिसतात: डेस्कटॉप मोड आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड (विंडोज १० मध्ये मोडऐवजी रिझोल्यूशन असं लिहिलेलं असतं). पहिली ओळ म्हणजे विंडोज आपलं चित्र किती पिक्सेलांचं बनवतंय ते, दुसरी म्हणजे केबलवरून खरोखर काय बाहेर पडतंय ते. दोन्ही सारख्या असतील तर उत्तम. वरची १०२४×७६८ आणि खालची १९२०×१०८० असेल तर ग्राफिक्स कार्ड मधल्या मध्ये चित्र ओढतंय, आणि बिचाऱ्या टीव्हीला त्याचा पत्ताच नाही. त्याला तर आधीच १६:९ झालेलं चित्र मिळतंय. अशा वेळी रिमोट कितीही फिरवा, फरक पडणार नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपचा आकार आणि जागा बदलायचं पान आहे, तिथे फुल-स्क्रीनऐवजी अ‍ॅस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं मूळ प्रमाण) घ्या. एएमडीमध्ये स्केलिंग मोडखाली प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो, इंटेलमध्ये मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो. जुने खेळ कमी रिझोल्यूशनवर खेळणाऱ्यांनी तर हे करून ठेवावंच.

यादीत १९२०×१०८० दिसतच नसेल तर केबलकडे वळा. प्रत्येक टीव्ही आपल्याला कुठली रिझोल्यूशनं चालतात याची एक छोटी नोंद, एडिड म्हणतात तिला, केबलमधून संगणकाला कळवत असतो. ती पोचली नाही तर संगणक अंदाजाने चालतो, आणि तो अंदाज बहुतेकदा १०२४×७६८ चा असतो. जुन्या व्हीजीए केबलमध्ये हे काम १२ आणि १५ नंबरच्या पिना करतात. स्वस्त केबलमध्ये त्यांच्या तारा जोडलेल्याच नसतात. एचडीएमआयच्या बाबतीत मधला स्प्लिटर किंवा अडॅप्टर हीच अडवणूक करतो. मधलं सगळं काढा, टीव्ही आधी चालू करा, मग संगणक, आणि यादी पुन्हा बघा.

आता कडा. कडा कापल्या जाण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून ते थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवत. सपाट पॅनेलला याची गरज नाही, तरी सवय राहून गेली आहे. संगणकाचा टास्कबार नेमका कडेला असतो, त्यामुळे फटका त्यालाच बसतो. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जा. सॅमसंगवर स्क्रीन फिट किंवा फिट टू स्क्रीन, जुन्या एलजीवर जस्ट स्कॅन, सोनीवर फुल पिक्सेल, शार्पवर डॉट बाय डॉट अशी नावं सापडतील. नावं निराळी, काम एकच: एक पिक्सेल आला की एकच पिक्सेल दाखवायचा. ग्राफिक्स कार्डच्या स्लायडरने चित्र आत ढकलून हेच साधता येतं, पण तो मार्ग मी शेवटचा मानतो, कारण चित्र दोनदा लहानमोठं होतं आणि अक्षरं भुरकट होतात. पिक्चर साइज प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळं लक्षात ठेवलं जाऊ शकतं, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घातलीत तर पुन्हा तपासा. त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह पीसी असं ठेवता येत असेल तर तेही करा. बऱ्याच टीव्हींवर त्याने ओव्हरस्कॅन तर जातोच, शिवाय लाल-निळ्या अक्षरांच्या कडांना येणारा रंगीत धूसरपणाही जातो.

टीव्ही जुना आणि एचडी रेडी असेल तर त्याचं पॅनेल बहुधा १३६६×७६८ चं असतं. तो १९२०×१०८० घेतो, प्रमाणही बरोबर येतं, पण अक्षरं थोडी मऊ दिसतात. यादीत १३६६×७६८ किंवा १३६०×७६८ असेल तर ते लावून बघा. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही म्हणून कित्येक कार्डं १३६० देतात. सहा पिक्सेलांचा फरक डोळ्यांना कळतही नाही.

आणि अक्षरं बारीक वाटली म्हणून रिझोल्यूशन खाली आणू नका. ताण पुन्हा येतो तो बहुतेकदा तिथूनच. रिझोल्यूशन आहे तेच ठेवा आणि डिस्प्लेच्या पानावरचं स्केल (अक्षरं-चिन्हांचा आकार) वाढवा: ४के टीव्हीला २०० टक्के, साध्या एचडीला लांब बसणार असाल तर १२५ किंवा १५०.