मामाची गाडी, मामाचाच बोनस

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात त्याला पक्कं लायसन्स मिळालं. सांगलीच्या माझ्या भावाची सात वर्षं जुनी, ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आम्ही २ लाख ४० हजारांना घेतोय. भावाच्या पॉलिसीची मुदत दोन महिन्यांनी संपते. एजंटनं मुलाच्या नावानं १३,५७० रुपयांचं कोटेशन दिलं (सोबत जोडलं आहे) आणि वर म्हणाला, "पोरगा नवशिका, महागच पडणार. त्यापेक्षा गाडी मामांच्याच नावावर राहू द्या, त्यांना पन्नास टक्के बोनस आहे." न्यू जर्सीतली माझी बहीणही सांगते, की भाच्याला लायसन्स मिळालं आणि त्यांच्या घरच्या विम्याचा हप्ता जवळपास दुप्पट झाला. एजंटचं ऐकावं का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, ऐकू नका.

बहिणीचं खरं आहे, पण ते तिकडचं. अमेरिकेत गाडी कोण चालवणार आणि त्याचं वय काय, यावर हप्ता बराच हलतो. आपल्याकडे मुख्यतः गाडी बघतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा, दर तर सरकारच ठरवतं, आणि तोही इंजिनाच्या सीसीवर. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ४,०३१. चालवणारा तुमचा १९ वर्षांचा मुलगा असो की माझ्यासारखा ६८ वर्षांचा म्हातारा, आकडा तोच. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तिथं कंपन्यांना दराची मोकळीक आहे. काही कंपन्या मालकाचं वय विचारतात, नाही असं नाही. पण तिथंही गाडीची किंमत, तिचं वय, नोंदणीचं शहर आणि बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) यांचंच वजन जास्त. तुमच्या मुलाला एक फायदा आयताच आहे : पुणे-मुंबई 'ए' झोनमध्ये येतात, कराड 'बी'मध्ये. घरच्या पत्त्यावर, कराड आरटीओला नोंदणी ठेवलीत तर ओन डॅमेजचा दर किंचित खाली राहतो.

मग १३,५७० झाले कसे? कोटेशन मी चष्मा पुसून ओळ न् ओळ वाचलं. थर्ड पार्टी ३,४१६, ओन डॅमेज ४,९००, मालक-चालकाचा अपघात विमा ३३०. इथवर ठीक. खाली बारीक टायपात पाच ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे मोजून घ्यायची कव्हरं आहेत, एकूण २,८५४ रुपयांची. किल्ली हरवण्याचं कव्हर ४००, गाडीतल्या सामानाचं ४००, ऑइल-नटबोल्टचं ६०४. ही तिन्ही खोडा. जीएसटीसकट १,६५७ रुपये वाचले. भावाकडून दुसरी किल्ली आठवणीनं मागून घ्या आणि घरात खिळ्याला अडकवून ठेवा, झालं किल्लीचं कव्हर. रस्त्यावरच्या मदतीचे ३०० राहू द्या, पोरगा रात्री-अपरात्री पुणे-कराड करणार.

इंजिन प्रोटेक्टचे १,१५० मात्र मी खोडणार नाही. एरवी मी या ॲड-ऑनना नाकं मुरडतो, पण ऑगस्ट २०१९ चा महापूर मी कोल्हापुरात सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा, म्हणून पाहिला. पाणी ओसरल्यावर उद्यमनगरातल्या गॅरेजांत चिखलानं भरलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. सीट कुजलेली, डॅशबोर्डात गाळ, ते सगळं साध्या ओन डॅमेजमध्येही मिळतं, कारण पूर हा त्यात धरलेलाच असतो. अडायचं कुठं, तर इंजिनात. पाण्यात उभ्या गाडीला माणसं किल्ली मारतात, पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे पुरानं झालेलं नाही, किल्ली मारल्यानं झालं, असं म्हणून कंपनी तेवढं वगळते. मुलाला एवढं पढवून ठेवा : गाडी पाण्यात बंद पडली की पुन्हा किल्ली फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची.

आता मामांचा बोनस. एजंट दाखवतोय ते गाजर किती मोठं आहे, ते आधी मोजू. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजवर मिळतो. ४,९०० चे पन्नास टक्के २,४५०, जीएसटी धरून २,८९१ रुपये. एवढ्यासाठी गाडी दुसऱ्याच्या नावावर ठेवायची?

मामाची गाडी भाच्यानं चालवली तर विम्याला काहीच अडचण नाही, लायसन्स असलं की पुरे. अडचण आहे ती पैसे मोजून विकत घेतल्यावर ती मामाचीच आहे असं भासवण्यात. कागलजवळच्या एका अपघाताला मी सर्व्हेला गेलो होतो. पॉलिसीवरचे गृहस्थ शपथेवर सांगत होते, गाडी माझीच. आणि मागच्या काचेवर रेडियमनं भलत्याच आडनावाच्या दोन पोरांची नावं. चौकशीत आठ महिन्यांपूर्वीचा बँक व्यवहार निघाला. क्लेम फेटाळला गेला, आणि तो फेटाळावा असा अहवाल मीच लिहिला होता. त्या घरातली बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अजून आठवतं.

शिवाय कुणाला लागलं-सवरलं तर कोर्टाचा कागद तुमच्या भावाच्या दारात जाईल. आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि आई म्हणून तुम्हाला जे सगळ्यात आधी कळायला हवं ते एजंटनं सांगितलेलंच नाही : त्या ३३० रुपयांत १५ लाखांचा जो अपघात विमा मिळतो, तो नोंदणीकृत मालकाचा असतो. गाडी मामाच्या नावावर ठेवलीत तर स्टिअरिंगवर बसलेल्या मुलाला त्यातलं काही नाही. मुलाच्या वडिलांच्या नावावर घेतलीत तरी तेच.

तो पन्नास टक्के बोनस भावानं वाया घालवू नये. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकल्यावर कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवावं, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर त्यालाच उपयोगी पडेल. भाचा शून्यापासून सुरू करेल.

क्रम असा ठेवा. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलायला द्या, त्या वेळी भावाची पॉलिसी आणि पीयूसी चालू असायला हवी. हस्तांतरानंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसीही मुलाच्या नावे करायला द्या. उरलेल्या मुदतीपुरता बोनसचा फरक भरावा लागेल, भरा. मुदत संपताना मग तीन ठिकाणांहून दर मागवा. त्यात कुणी अचानक फार खाली आला तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, बघा. पाच वर्षांपुढच्या गाडीची ही किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, आणि ती गुपचूप दीड लाखावर आणली की हप्ता छान दिसतो. गाडी चोरीला गेली तर हातात दीड लाखच येतात. तुम्ही २ लाख ४० हजार मोजताय, आकडा त्याच्या आसपास हवा.

पहिल्या वर्षी मुलगा गाडी कुठंतरी घासणार, हे धरूनच चला. माझ्या मुलीनं नवव्या दिवशी सोसायटीच्या खांबाला बंपर लावला होता आणि "बाबा, तुम्ही सर्व्हेअर आहात, करा ना क्लेम" म्हणून मागं लागली होती. मी वहीत हिशेब मांडून दाखवला. तुमच्याच गाडीच्या आकड्यांत सांगतो. बंपर ४,००० चा धरा. प्लास्टिकला निम्मी घट, राहिले २,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० गेली. रंग-मजुरी सोडली तर हाती हजार रुपये. आणि पुढच्या वर्षीचा २० टक्के बोनस, म्हणजे ९८० रुपये, बुडाला. खिशातून करा. विमा मोठ्या दणक्यासाठी ठेवायचा. याच कारणानं, गाडी जुनी आहे म्हणून नुसती थर्ड पार्टी काढू नका. निदान दोन वर्षं ओन डॅमेज असू द्या.

प्रश्न : मुलीचं अजून शिकाऊ लायसन्स आहे. शेजारी मी बसतो आणि ती चालवते. या काळात ठोकलं तर विमा मिळतो का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : मिळतो, पण शिकाऊ चालकाचे नियम पाळलेले असले तरच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो गाडी थांबवता येईल अशा बेतानं बसलेला हवा. मागच्या सीटवर मोबाईल बघणारा चालत नाही. गाडीला पुढं आणि मागं, पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. मी पाहिलेल्या अशा एका गाडीला 'एल' होता, पण वहीच्या पानावर लाल पेननं काढलेला, आणि सापडला ग्लोव्ह बॉक्समध्ये. का, तर मुलीला मैत्रिणींसमोर लाज वाटते, वडील म्हणाले. तुमच्या मुलीला वाटत असेल तर चुंबकाच्या पाट्या आणा, घरी आल्यावर काढता येतात.