रॅडिकल म्हणजे जहाल की मूलगामी? आणि पंकचं काय करायचं?

नायगावातल्या एका लहानशा वाचनालयाचं काम बघणाऱ्या मुलीनं विचारलंय: "काका, आम्ही एक कपाट वेगळं काढतोय. पंक संगीत, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते राकट रॉक, आणि रॅडिकल राजकारण यांची आवड असणाऱ्यांनी काय वाचावं, ती पुस्तकं त्यात ठेवायची. पाटी मराठीतच लावायची असं समितीत ठरलं आणि तिथेच घोडं अडलं. अध्यक्ष म्हणतात 'जहाल' लिहा. माझा मित्र म्हणतो 'मूलगामी'च बरोबर. एकानं 'अतिरेकी' सुचवलं, तर चहा घेऊन आलेला पोऱ्या म्हणाला, उद्या पोलीस येतील. आणि पंकला काय लिहू? देवनागरीत 'पंक' लिहिलं की चिखल होतो."

पोऱ्याचं बरोबर आहे, म्हणून आधी तो शब्द निकालात काढू. अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर जाणं. खाण्याचा अतिरेक, लाडांचा अतिरेक. त्या हिशोबानं अतिरेकी म्हणजे ताळतंत्र सोडलेला माणूस, एवढंच. पण 1993 आणि 2008 पाहिलेल्या मुंबईत या शब्दाला एकच अर्थ उरलाय आणि तो कपाटावर लावण्यासारखा नाही. 'बंडखोर'ही नको. ज्याचं तिकीट कापलं गेलं आणि ज्यानं अपक्ष अर्ज भरला तो बंडखोर, असा त्याचा आजचा अर्थ. अर्ज मागे घेण्याच्या तारखेला दुपारी तीन वाजता बहुतेक बंडं थंड होतात. 'क्रांतिकारक' भगतसिंगांना शोभतो. 'क्रांतिकारी' मात्र कपडे धुण्याच्या पावडरीनं पळवला. एका अक्षराचा फरक, पण कुठून कुठे गेला बघा.

उरले जहाल आणि मूलगामी. भांडण या दोघांतच आहे, आणि ते शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे.

रॅडिकल शब्दाच्या पोटात लॅटिन 'रॅडिक्स' आहे. त्याचा अर्थ मूळ. इंग्रजीत मुळ्याला रॅडिश म्हणतात तेही याच रॅडिक्सवरून. आता दादरच्या मंडईत जाऊन मुळ्याची जुडी हातात घ्या: आपण त्याला मुळा म्हणतो ते 'मूल'वरून. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीला एकाच कारणासाठी तेच नाव ठेवलं. शाळेतही हा शब्द आपल्याला भेटून गेलाय, फक्त ओळख पटली नाही. रसायनशास्त्रातले रॅडिकल म्हणजे आपली 'मूलके'. गणितातलं रॅडिकलचं चिन्ह म्हणजे 'करणी चिन्ह'. (तो पर्याय समितीपुढे ठेवू नका. 'करणीचं राजकारण' म्हटलं की लोक लिंबू-मिरची शोधायला लागतील.)

तेव्हा मूळ शब्दाशी इमान राखायचं तर 'मूलगामी' बिनचूक. मुळापर्यंत जाणारा. तुमच्या मित्राचं व्याकरण पक्कं आहे. 'आमूलाग्र' हाही भाऊबंदच, मुळापासून शेंड्यापर्यंत; पण तो बदलाला चिकटून राहतो. आमूलाग्र बदल होतो, आमूलाग्र माणूस नसतो.

जहालची गोष्ट निराळी. मराठीत जहाल काय असतं? विष जहाल असतं. औषध जहाल असतं, मग वैद्य ते दुधातून घ्यायला सांगतात. हा शब्द खोलीचा नाही, तीव्रतेचा आहे. त्याच्या समोरचा मवाळ म्हणजे मऊ, सौम्य. काँग्रेसमधल्या दोन गटांना आपण ही नावं दिली आणि 1907 च्या डिसेंबरात सुरतेला दोघांची फारकत झाली. इंग्रजी वर्तमानपत्रं टिळकांच्या गटाला 'एक्स्ट्रीमिस्ट' म्हणत. मराठीनं त्याचं 'टोकाचे' असं भाषांतर न करता थेट जिभेला चटका देणारा शब्द उचलला. मला तो फार आवडतो. टिळकांनी त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याच्या भाषणात या शब्दांबद्दल एक मार्मिक गोष्ट सांगितली होती: हे शब्द काळाशी बांधलेले आहेत, आजचे मवाळ हे कालचे जहाल होते आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. फ्रान्सकडे बघा. तिथे 1901 साली स्थापन झालेला 'रॅडिकल' नावाचा पक्ष आहे आणि तो कित्येक पिढ्या अगदी मध्यममार्गी म्हणून ओळखला जातो. नाव जहाल, चव दहीभाताची.

पण टिळकांचंच उदाहरण दोन शब्दांतला फरक दाखवायला सगळ्यात उपयोगी पडतं. 1891 साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, इतकाच तो बदल. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. सरकारशी भांडताना जहाल असलेला माणूस घराच्या उंबरठ्याआत मूलगामी नव्हता. उलट आगरकर. त्यांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला आणि थेट मुळालाच हात घातला. त्यांच्याही आधी जोतीराव फुले. 1873 ची 'गुलामगिरी' उघडा. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली आहे. पुण्यात बसून जातीच्या प्रश्नाचं मूळ शोधणारा माणूस अर्पणपत्रिका थेट अमेरिकेला पाठवतो. मूलगामी म्हणजे हे. आवाज किती चढवला याचा त्यात हिशोब नाही. जहाल म्हणजे किती जोरात, मूलगामी म्हणजे किती खोल. इंग्रजीतला रॅडिकल हे दोन्ही एका पिशवीत कोंबतो. मराठीनं दोन डबे केलेत, आणि माझ्या मते मराठीचीच सोय चांगली आहे.

जाता जाता अजून एक. मुळापर्यंत जाऊन आपण काय करतो, यासाठीही मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे: निर्मूलन. मलेरिया निर्मूलन, अंधश्रद्धा निर्मूलन. कुणाला तो रॅडिकल शब्दाचा नातेवाईक वाटत नाही, कारण तो महापालिकेच्या फलकावर राहतो. बाबासाहेबांचं जे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे व्हायचं होतं आणि आयोजकांनी कच खाल्ल्यामुळे झालंच नाही, ते त्यांनी 1936 मध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती. विषय जातीचं निर्मूलन. कुणी व्यासपीठ देत नाही तर आपणच छापायचं, ही रीत लक्षात ठेवा, कारण पंककडे वळताना ती लागणार आहे.

पंक. देवनागरीत चिखल होतो हे खरं, आणि चिखलातून उगवतं ते पंकज, म्हणजे कमळ. समितीतलं कुणीतरी हा विनोद करणारच आहे, त्यांना करू द्या. इंग्रजी पंकचा संस्कृत पंकाशी काही संबंध नाही, पण प्रतिष्ठा दोघांचीही सारखीच. शेक्सपिअरच्या काळात पंक म्हणजे वेश्या. पुढे अमेरिकेत चकमकीची ठिणगी धरायला वापरायच्या कुजक्या, वाळक्या लाकडालाही पंक म्हणायला लागले. हा शब्द बहुधा वेगळ्या वाटेनं आलेला. मग टुकार, मवाली, फुकट गेलेला पोरगा. 1976 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या काही पोरांनी आपल्या मासिकाचं नावच 'पंक' ठेवलं. शिवी होती, ती उचलून कपाळाला लावली.

असं मराठीत कुणी केलंय का? केलंय, आणि न्यूयॉर्कच्या पोरांच्या आधी. पुढे दलित पँथर उभारणाऱ्यांपैकी एक, राजा ढाले, यांच्या एका अनियतकालिकाचं नाव होतं 'येरू'. येर म्हणजे इतर. ज्ञानेश्वरीत तो साधा सरळ शब्द आहे. पण बोलण्यात काय होतं? "हे येरागबाळ्याचं काम नव्हे." येरू म्हणजे जो आपल्यातला नाही, ज्याला काही कळत नाही, जो गणतीत नाही. साहित्याच्या दारातून ज्यांना हटकलं जात होतं त्यांनी मुखपृष्ठावर लिहिलं: येरू. पंकचं यापेक्षा नेमकं मराठी मला सापडलेलं नाही. तरी पाटीवर मी तो सुचवणार नाही, कारण दर आठवड्याला तुम्हाला तो समजावून सांगत बसावं लागेल. पाटीवर पंकच लिहा.

पंकवाल्यांच्या हस्तनिर्मित मासिकांना मात्र 'झीन' म्हणू नका, आपला शब्द तयार आहे. लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनानं 1976 मध्ये 'स्निफिन ग्लू' काढलं, टाइप करून, झेरॉक्स मारून. त्याच्या वीसेक वर्षं आधी मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ हे कवी 'शब्द' चक्रमुद्रित करून, म्हणजे सायक्लोस्टाइलवर, काढत होते. पुढे असो, वाचा, फक्त, अशी रांगच लागली. लघुअनियतकालिक! शब्द एवढा लांब की खुद्द अंकापेक्षा जड, पण अर्थाला पक्का: लहान, आणि कधी निघेल याचा नेम नाही.

हे काम मी थोडंफार हातानं केलंय. गिरणी संपाच्या वर्षी, म्हणजे 1982 ला, लालबागच्या एका कचेरीत पत्रकं निघायची. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षरं कोरायची. हलकं कोरलं तर छपाई फिकी. जोर दिला तर गोल अक्षरांचा घात. 'ठ' सगळ्यात वाईट. वर्तुळ पूर्ण झालं की मधली टिकली गळून पडायची आणि कागदावर नुसता काळा ठिपका. आम्ही 'ठ' टाळून मजकूर लिहायचो. 'बैठक'ऐवजी 'सभा' लिहिलेली कितीतरी पत्रकं त्या टिकलीमुळे तशी आहेत.

पंकबद्दल हमखास सांगितली जाणारी एक गोष्ट: गिटारवर बोटं कुठे ठेवायची याची तीन चित्रं, हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. ती 'स्निफिन ग्लू'मध्ये आली असं सर्रास लिहितात. ती आली 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्याच एका अंकात, 1977 मध्ये. तुमच्या माहितीपत्रकात ही चूक नको. आणि तीन कॉर्ड म्हणजे चैनच झाली. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते शाहिरीच्या जोरावर. आणि शाहिराच्या मागच्या तुणतुण्याला तार एकच असते.

पंकच्या मागोमाग 'अ‍ॅनार्की' येणारच, म्हणून त्याचंही सांगून टाकतो. 'अराजक' लिहू नका. कुर्ल्याच्या फलाटावर संध्याकाळी होतं ते अराजक. रामायणात अयोध्याकांडात 'नाराजके जनपदे' म्हणत श्लोकामागून श्लोक येतात: राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, पेरणी होत नाही, वाटसरू सुरक्षित नसतो. आपल्या मनातली अराजकाची भीती तिथून आलेली आहे. पण महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म नेमकं उलटं सांगतात: एके काळी राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता; लोक धर्मानंच एकमेकांचं रक्षण करत. पुढे तेच राजाची गरज पटवतात म्हणा, पण हा एक श्लोक रशियातला अ‍ॅनार्किस्ट विचारवंत क्रोपोत्किन यानं आनंदानं सही केली असती असा आहे. या विचाराला 'अराज्यवाद' म्हणावं. राजा नको यापेक्षा राज्यसंस्थाच नको, हा त्याचा मुद्दा आहे आणि तो या शब्दात बरोबर बसतो. विनोबांचा 'शासनमुक्त समाज' त्याचाच खादी घातलेला चुलतभाऊ. आणि हा परदेशातला नाद आहे असं कुणी समितीत म्हणालं, तर त्यांना सांगा की एम. पी. टी. आचार्य हे अराज्यवादी मद्रासहून निघून युरोप फिरून 1935 मध्ये मुंबईला आले आणि 1954 मध्ये इथेच वारले.

इंग्लंडमधल्या 'क्रॅस' या बँडनं हा शब्द नुसता ओरडायला वापरला नाही. त्यांच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर किंमत छापलेली असे आणि बजावलेलं असे की यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. तुमच्या कपाटात त्यांच्याविषयी काही मिळालं तर ठेवाच. वाचकवर्गणी ठरवतानाही कामाला येईल.

तर पाटी. वर मोठ्या अक्षरात 'पंक आणि जहाल राजकारण' लिहा. अध्यक्ष जिंकले असं त्यांना वाटू द्या. 'मूलगामी' बरोबर असूनही तो प्रबंधातला शब्द आहे; तो वाचून शिवडीचा सतरा वर्षांचा पोरगा कपाट उघडणार नाही, 'जहाल' वाचून उघडेल. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यावर मात्र छोटी चिठ्ठी लावा: 'मूलगामी'. तिथे गुलामगिरी, तिथे बाबासाहेबांचं न झालेलं भाषण, तिथेच क्रोपोत्किन आणि अमेरिकेतली अराज्यवादी एमा गोल्डमन. वरच्या कप्प्यात 1976-77 च्या पोरांच्या हकिकती, बँडमधल्या बायकांनी लिहिलेल्या आठवणी आवर्जून, आणि दलित पँथरचा इतिहास. ढसाळांची 'गोलपिठा' 1972 ची, पँथरच्याच वर्षाची. ती वर ठेवायची की खाली यावर समितीत वाद होईल. दोन प्रती घ्या.

पाटी छापून आणण्यापेक्षा पुठ्ठ्यात अक्षरं कापा आणि वरून स्प्रे मारा, विषयाला ते शोभेल. फक्त कापताना 'क'च्या पोटाला एका बाजूनं बारीक पट्टी सोडा. नाहीतर ते गळून पडेल.